चुन्याच्या गावात चुना

पहाटे पाचला उठा, हा सल्ला या वर्षात मला सातव्यांदा मिळाला. या खेपेला तो पुस्तकातून आला. पुस्तक भेट देणारे गृहस्थ नऊच्या आधी अंथरूण सोडत नाहीत आणि त्यांच्याकडे माझे अकराशे रुपये बाकी आहेत.

आमच्या छत्तीसगढातल्या नंदिनी नगरात लवकर उठण्याची कुणाला नवलाई नाही. इथली चुनखडीची खाण भिलाई पोलाद कारखान्याची. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. कारखान्याला लोहखनिज दल्ली-राजहऱ्याचं आणि चुनखडी आमची. त्या जमान्यापासून इथली माणसं फर्स्ट शिफ्टसाठी अंधारात उठतात, सायकलला डबा अडकवतात आणि निघतात. लवकर उठून नशीब पालटत असतं तर आमच्या टाउनशिपमध्ये क्वार्टरांच्या जागी एव्हाना बंगले दिसले असते. लवकर उठलं की माणूस लवकर ड्युटीवर पोचतो. याहून अधिक काही होत असल्याचं मी पाहिलेलं नाही.

माझं बाजारात छोटं दुकान आहे. टायपिंग, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, लग्नपत्रिका, फ्लेक्सचं डिझाइन, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा लेखन. दुकान आहे म्हणून लोक मला लेखक मानत नाहीत आणि लिहितो म्हणून दुकानदार मानत नाहीत. एक फायदा मात्र दोन्हीकडून मिळतो. फुकट काम मागायला येणाऱ्याला दोन दारं उघडी असतात.

आमच्यासारख्यांना वेळेचं नियोजन शिकवणाऱ्या पुस्तकांवर माझा राग आहे, तो यासाठी. डायरी ठेवा, कामांची यादी करा, मोबाइल दूर ठेवा. बरं. मी आठवडाभर हिशेब ठेवून पाहिला की माझा वेळ जातो कुठे. मोबाइलवर जातो, नाही असं नाही. पण सगळ्यात मोठा तुकडा गेला होता झालेल्या कामाचे पैसे मागण्यात. ते मागायला जाण्याआधी मनाची तयारी करण्यात. मागून आल्यावर चहा घेत चरफडण्यात. एक काम करायला चाळीस मिनिटं लागली होती आणि त्याच्या दोनशे रुपयांपायी माझे दोन दिवस वाकडे झाले होते. ही गोष्ट पहाटे पाचला उठून सुधारत नाही. पाचला उठलो तर चरफडायला चार तास जास्त मिळतात.

आता भाषेची अडचण ऐका. हिंदीत काल आणि उद्या, दोन्हींना कल म्हणतात. छत्तीसगढीत दोन्हींना काली. मराठी माणसाला घरून दोन वेगळे शब्द मिळालेले असतात, म्हणून या मुलखात तो हमखास फसतो. गिऱ्हाईक म्हणतं, ‘भैया, कल दे दूंगा.’ मी वहीत उद्याची तारीख घालतो. ‘दूंगा’ हा भविष्यकाळ आहे, हे व्याकरण मला येतं, पण गिऱ्हाइकाला ते लागू नाही. महिन्यानं विचारावं, तर तो म्हणतो, ‘कल ही तो आया था, आप दुकान में नहीं थे.’ म्हणजे उधारी झाली ती कल, फिटणार ती कल, आणि फेडायला येऊन गेले तेही कल. कॅलेंडरमध्ये शोधलं तर तो दिवस सापडत नाही.

माझी वहीही काही साधी नाही. लाल कापडी पुठ्ठ्याची, बाबांच्या वेळची पद्धत. तिच्यातलं एक पान इथे उतरवतो. ‘निळी स्कूटी, ४ कॉपी.’ ‘लंबे भैया, फॉर्म, ६०.’ ‘चष्मा, आधार प्रिंट, २०.’ ‘बोरिंगवाल्याचा मेव्हणा, पत्रिका ५०, ॲडव्हान्स नाही.’ नाव विचारायला संकोच वाटतो, कारण तो रोज दिसतो आणि इतकी वर्षं विचारलं नाही तर आता कसं विचारायचं. मग पावसाळा जातो. निळी स्कूटी विकली जाते. चष्मा लेन्स लावतो. बोरिंगवाल्याला तीन मेव्हणे आहेत असं कळतं. चारशे ऐंशी रुपयांचा इतिहास माझ्या हाताखाली असतो आणि त्यातल्या एकाही माणसाला मी ओळखत नाही.

आमचे बाबा गोंदियाकडून येऊन या खाणीत लागले. त्यांची एक सवय होती. घरी कुणी काम घेऊन आलं की आधी घड्याळ बघायचे. हिशेबी होते, कंजूष मुळीच नव्हते. पाळी संपली की संपली. त्यानंतर थांबायचं तर ओव्हरटाइम, आणि तो हजेरीबुकात चढलाच पाहिजे. अर्धा तास फुकट देणं त्यांना माहीतच नव्हतं. तो त्यांना स्वतःचा अपमान वाटला असता आणि बरोबरच्या दहा कामगारांचा घात. मी दुकान टाकलं तेव्हा रात्री अकरापर्यंत बसून एका मंडळाची गणपतीची स्मरणिका लावत होतो. बाबा मागे येऊन उभे राहिले.

‘हा ओव्हरटाइम कोणत्या खात्यात?’

‘बाबा, ते आपलेच लोक आहेत.’

‘मग तर पैसे लवकर मिळतील.’

मिळाले नाहीत. ‘आपला माणूस’ हे मराठीतलं सगळ्यात महाग गिऱ्हाईक. परका माणूस भाव विचारतो, घासाघीस करतो, शेवटी काउंटरवर नोटा ठेवतो आणि जातो. आपला माणूस भाव विचारत नाही. भाव विचारणं त्याला परकेपणाचं वाटतं. लेखकाच्या बाबतीत तर तो आणखी पुढे जातो. ‘तुम्हाला काय, दोन ओळी तर लिहायच्या आहेत.’ निवृत्तीचं मानपत्र, सुनेच्या डोहाळजेवणाची कविता, वास्तुशांतीचं निमंत्रण, पुतण्याचा नोकरीचा अर्ज. दोन खिळे तर मारायचे आहेत, असं सुताराला कुणी म्हणत नाही. कारण त्याच्या हातात हातोडा असतो.

लेखक आणि छोटा धंदेवाला एकाच अंगात आले की काय होतं, याचं आमच्या भागातलं सगळ्यात जुनं उदाहरण म्हणजे माधवराव सप्रे. हिंदीवाले त्यांना आपले मानतात आणि ते खरंच त्यांचे आहेत. पण माणूस मराठी घरातला. जन्म १८७१ चा, दमोह जिल्ह्यातल्या पथरियाचा. जानेवारी १९०० मध्ये त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढलं. सोबत रामराव चिंचोळकर, प्रकाशक वामन बळीराम लाखे. तिन्ही आडनावं बघा आणि मासिक हिंदी, तेही पेंड्र्यासारख्या आडगावातून. सप्रे तिथल्या राजकुमाराचे शिक्षक होते. त्या पगारातून मासिकाचा संसार. गावात छापखाना नाही. अंक छापायचा आधी रायपूरला, मग नागपूरला.

हे वाचलं तेव्हा मला माणूस ओळखीचा वाटला. मी डिझाइन इथे करतो आणि फ्लेक्स छापायला दुर्गला पाठवतो. छापणाऱ्याला पैसे रोख द्यावे लागतात. तो कल हा शब्द ऐकून घेत नाही. मधल्यामध्ये उभा असतो तो मी. सव्वाशे वर्षांपूर्वी हे सगळं बैलगाडी, आगगाडी आणि टपालावर चालवायचं म्हणजे काय असेल, याचा अंदाज दुकानदाराला येतो, समीक्षकाला येत नाही. समीक्षक सांगतो की याच मासिकात १९०१ साली सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ आली आणि हिंदीतल्या पहिल्या कथांमध्ये तिचं नाव घेतात. खरं आहे, मोठी गोष्ट आहे. पण १९०२ सरता सरता मासिक बंद पडलं, पैशाअभावी. तीन वर्षं. हिंदी कथेच्या इतिहासात ज्याचं पान पक्कं झालं, त्याच्या हिशेबाच्या वहीत शिल्लक नव्हती. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी दारोदार वर्गणी गोळा केली आहे, त्यांना यापुढचं सांगायला नको.

पुढे सप्र्यांनी नागपुरात ‘हिंदी केसरी’ काढला, १९०८ मध्ये राजद्रोहाखाली अटक झाली, मग लोकमान्यांचं ‘गीतारहस्य’ आणि समर्थांचा ‘दासबोध’ हिंदीत आणला. दासबोधाशी माझं एक भांडण आहे, ते या निमित्तानं काढतो. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसं असावं, ओळी कशा असाव्यात, लेखणी, शाई, कागद, सगळं आहे. एवढा व्यवहारी संत, मूर्खांची लक्षणं मोजून सांगणारा, पढतमूर्खाला वेगळा समास देणारा. पण लेखनक्रियेनंतर वसुलीक्रियेचा समास नाही. मराठी लेखकाचं साडेतीनशे वर्षं जे नुकसान झालं त्याचं मूळ मला तिथे दिसतं. सुंदर अक्षरात बिल लिहायला कुणी शिकवलंच नाही.

धडा घेतला तो लाख्यांनी, असं मी माझ्यापुरतं समजतो. मासिकाचे प्रकाशक वामनराव लाखे यांनी पुढे, १९१३ मध्ये, रायपुरात सहकारी बँक उभी केली. साहित्यात हात पोळलेल्या माणसानं थेट बँकच काढावी, याहून चोख उत्तर मला तरी सुचत नाही. प्रत्येकाला बँक काढता येणार नाही. पण वही नीट ठेवता येते, आणि कायदा वाचता येतो.

कायदा म्हटलं की आपण वकिलाकडे बघतो. मी दोन-चार गोष्टी सांगतो, त्या वकिलाला विचारून पक्क्या करा, त्याची फी आधी विचारा. उधारीचा दावा साधारण तीन वर्षांत करायचा असतो, नंतर तो मुदतबाह्य होतो. पण ती तीन वर्षं संपण्याआधी देणेकऱ्यानं बाकी कबूल असल्याचं लिहून सही दिली, तर मुदत तिथून पुन्हा मोजली जाते. आपल्या आजोबांच्या वेळी दिवाळीला वही पुढे सरकवून ‘बाकी मंजूर’ अशी सही घ्यायचे, ते उगाच नव्हतं. आता आपण दिवाळीला मिठाईचा डबा पुढे सरकवतो आणि वही लपवतो. तीन वर्षं पुरतातच असं नाही, पण चष्म्याला लेन्स लागायला तीन महिने पुरतात, म्हणून नाव आणि फोन नंबर पहिल्याच दिवशी.

दुसरं. उद्यम नोंदणी करून ठेवा. २०२० पासून ती ऑनलाइन आहे आणि फुकट आहे. तिचे पैसे मागणारा माणूस भेटला तर समजा की तो माझ्यापेक्षा हुशार आहे. माझं दुकान, तुमची शिलाई, लोणची-पापडाचा कारखाना, डिझाइनचं काम, या सूक्ष्म उद्योगांना २००६ च्या कायद्यानं एक हत्यार दिलं आहे. माल किंवा सेवा घेतलेल्यानं करार असेल तरी ४५ दिवसांत पैसे द्यायचे. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. आणि २०२४ पासून प्राप्तिकरातही अशी मेख मारली आहे की मुदतीत पैसे न देणाऱ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा करून मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. मार्चमध्ये कंपन्यांच्या हिशेबनिसांना अचानक आमची आठवण येऊ लागली, ती या मेखेमुळे. प्रेम नव्हे. एक खोच मात्र आहे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला हे हत्यार मिळत नाही, बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला मिळतं. आणि नोंदणी काम घेण्याआधीची हवी. आग लागल्यावर खणलेली विहीर इथेही चालत नाही.

लेखकांसाठी एक वेगळी गोष्ट, कारण ते स्वतःला उद्योग म्हणवून घ्यायला लाजतात. आपल्या कॉपीराइट कायद्यात हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. ‘तुमचा लेख आमचा झाला’ असं फोनवर ऐकून तो त्यांचा होत नाही. करारात किती वर्षांसाठी ते लिहिलेलं नसेल तर पाच वर्षं धरतात. कुठल्या प्रदेशासाठी ते नसेल तर भारतापुरतं. ही दोन वाक्यं माहीत असलेला कवी आमच्या भागात मला अजून भेटायचा आहे. भेटला तर मी त्याला चहा पाजीन, रोख. संपादकांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. या सदरासोबत मी दर महिन्याच्या पाच तारखेला बिल पाठवतो आणि ते दर महिन्याच्या अखेरीला देतात. आमचं उत्तम चाललं आहे. बिल पाठवत नव्हतो तेव्हा मात्र आम्ही एकमेकांना टाळत होतो.

ही टाळाटाळ ओळखायला शिकलं पाहिजे. भट्टीत चुनखडी कशासाठी टाकतात, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. खनिजातली माती-वाळू ती स्वतःशी बांधून घेते, मळी होऊन वर तरंगते आणि खाली लोखंड स्वच्छ राहतं. ती मळीही वाया जात नाही, सिमेंटला जाते. पण चुनखडी आधी टाकायची असते. लोखंड बाहेर आल्यावर वरून चुना भुरभुरून काही होत नाही. पैशाचं बोलणं तसंच, कामाच्या आधी. कामानंतर बोललं की सगळी माती नात्यात उतरते. आणि आधी न बोलणाऱ्यालाच या गावात चुना लागतो. चुन्याची खाण असलेल्या गावात हा शब्द मी वापरतो आहे, याची मला पूर्ण कल्पना आहे.

खाणीत सुरुंग उडवण्याआधी भोंगा देतात. माणसं, गुरं, सायकली बाजूला होतात, मग धडाका. आपण उलट करतो. चार महिने गप्प. गोड हसू, नमस्कार, ‘राहू द्या हो, घाई काय.’ मग एक दिवस घरात गॅस संपलेला असतो, मुलाची फी भरायची असते आणि समोर एखादा गरीब लंबे भैया साठ रुपयांसाठी सापडतो. धडाका होतो. भोंगा कुठे वाजला होता? तो बिचारा खरंच विसरला होता. मी आता मुदतीच्या तीन दिवस आधी मेसेज टाकतो. ‘शुक्रवारी हिशेब करतो आहे, तुमचे ६० आहेत.’ एवढंच. सुप्रभातचं फूल नाही, समर्थांचा फोटो नाही. निम्म्याहून जास्त लोक त्या दिवशीच देतात. उरलेले शुक्रवारी म्हणतात, कल.

घरातूनही एक नियम लागू झाला आहे. सौभाग्यवतींनी दुकानात पाटी लावायला सांगितली. ‘आज रोख उद्या उधार’ ही नव्हे, ती वाचून लोक हसतात आणि उधार मागतात. तिनं पाटी अशी सांगितली: ‘दोन बदल फुकट. तिसऱ्यापासून पन्नास रुपये.’ तिला हे सुचलं ते एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवरून.

तो फ्लेक्स दहा बाय आठचा होता. वर नेताजी हात जोडून, खाली गोल चौकटीत सतरा शुभेच्छुक. पहिल्या दिवशी सतरा होते. दुसऱ्या दिवशी एकाचं बिनसलं म्हणून सोळा. मग सोळा चेहरे दोन ओळींत बसवताना कोण वरच्या ओळीत, कोण खालच्या, यावर फोन. मग बिनसलेल्याचं जुळलं, पुन्हा सतरा, पण आता तो नेताजींच्या उजव्या हाताला पाहिजे. एकाला गोरं करा. एकाची मिशी फोटोत दिसत नाही. रात्री दीड वाजता सतरावा चेहरा चिकटवताना मी बाबांची आठवण काढली. फ्लेक्स दुर्गहून छापून आणला, छपाईचे पैसे माझ्या खिशातून गेले. वाढदिवस दणक्यात झाला. पैशाचं विचारलं तर उत्तर तुम्हाला पाठ आहे.

तो फ्लेक्स वाया गेला नाही. आमच्याकडे काही वाया जात नाही. तीन दिवसांनी बाजारातल्या उसाच्या रसवाल्यानं तो उतरवला आणि छताला बांधला. उलटा. रस प्यायला बाकावर बसलं आणि मान वर केली की सतरा शुभेच्छुक डोकं खाली करून माझ्याकडे बघून हसतात. मिशी अगदी स्पष्ट दिसते. चांगली लावली होती मी.

यंदा वाढदिवस आला, तेव्हा नेताजींचा माणूस पुन्हा दुकानात हजर. मी पाटीकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, अर्धे पैसे आधी, मागचे पूर्ण. तो दुखावला. ‘भैया, आप तो अपने आदमी हो.’ मग तो शेजारच्या अहिवारा गावातल्या दुकानात गेला. आठवडाभर मला वाईट वाटत होतं, गिऱ्हाईक गेलं म्हणून. मोठं गिऱ्हाईक होतं. पण त्या आठवड्यात तीन रखडलेल्या पत्रिका झाल्या, हे सदर लिहून झालं आणि एका रात्री मी साडेनऊला जेवलो.

काल अहिवाऱ्याच्या दुकानदाराचा फोन आला. काम हातात घेतलं आहे, आधी जरा चौकशी करतोय म्हणाला. ‘भैया, आपने किया था ना इनका पिछले साल? पैसा देते हैं?’

मी म्हटलं, देते हैं.

‘कब?’

‘कल.’